घोड्याची पाठ बघा, मग पैसे भरा

महोदय,

आपल्या रविवार पुरवणीत थरच्या वाळवंटातल्या घोडेसफारीवर लेख आला होता. तंबू, लोकनृत्य, सूर्यास्त असं सगळं त्यात होतं, पण घोड्याबद्दल दोन ओळींपलीकडे काही नव्हतं. तो वाचून माझी पुतणी आणि तिच्या बँकेतल्या मैत्रिणी डिसेंबरचं बुकिंग करायला निघाल्या. घोड्यावर बसण्याचा अनुभव काय विचारलं, तर एकीने माथेरान सांगितलं आणि दुसरीने नवऱ्याची वरात! माझी नोकरी पशुसंवर्धन खात्यात, माळशिरस तालुक्यात गेली. अकलूजचा घोडेबाजार आणि पालखीच्या दिवसांतले अश्व जवळून पाहिले. निवृत्तीनंतर जैसलमेरकडच्या अशा स्वाऱ्यांनाही गेलो आहे. म्हणून हा पत्रप्रपंच.

पहिली गोष्ट वजनाची. खोगिरासकट ओझं घोड्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्यापेक्षा जास्त नसावं, असा साधारण हिशेब आहे. मारवाडी घोडा देखणा, टोकाला एकमेकांना भिडणाऱ्या कानांचा, पण अंगाने सडपातळ. 400 किलोचा घोडा धरला तर 80 किलो झाले. त्यातले आठ-दहा खोगिराचेच. म्हणजे सत्तरीच्या पुढच्या स्वाराने आयोजकाला आधीच खरं वजन सांगावं आणि थोराड घोडा मागून घ्यावा. वजन न विचारता पैसे घेणारा आयोजक मला तरी भरवशाचा वाटत नाही.

तिथे पोचल्यावर चहाच्या आधी घोडा बघायला मागा, तोही खोगीर उतरवलेला. मानेच्या बुडाशी, खांद्यांवर जो उंचवटा असतो तिथून कमरेपर्यंत पाठीवरून उघडा तळवा दाबत न्या. घोड्याने अंग चोरलं, कातडी थरथरवली किंवा कान मागे पाडले, तर पाठ दुखते आहे. काळ्या-तांबड्या घोड्याच्या पाठीवर खोगिराच्या जागी पांढऱ्या केसांचे ठिपके दिसले तर तिथे कधीतरी पाठ लागलेली, म्हणजे खोगीर घासून जखम झालेली आहे. जखम जुनी असेल तर घाबरायचं कारण नाही. ओली किंवा खपली धरलेली दिसली तर घोडा बदलून मागा. पुढच्या पायांच्या मागे, जिथे तंग (खोगिराचा पोटाखालून जाणारा पट्टा) आवळतात, तिथेही हात घालून बघा. मग मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडा. ती लगेच सपाट झाली नाही, तर त्याला पाणी कमी पडलं आहे. एका घोड्याला दिवसाला 25 ते 50 लिटर पाणी लागतं आणि वाळवंटात ते टँकरने किंवा उंटगाड्याने आणावं लागतं. वाटेत घोड्यांचं पाणी कुठे आहे, हे विचारायला लाजू नका. ग्लँडर्सची तपासणी झाली आहे का, हेही विचारा. तो रोग माणसालाही होतो.

आता स्वाराकडे वळू. रोज पाच-सहा तास खोगिरावर काढायचे, तर त्याआधी निदान दोन महिने घोडेस्वारी शिकायला हवी. दुडकीत रिकिबीवर उठत-बसत जाता आलं पाहिजे. ते जमलं नाही की स्वार पोत्यासारखा आपटत राहतो आणि त्याच्या मांड्यांआधी घोड्याची पाठ सोलते. घोडं पेंड खातं ते इथेच. पैसे भरले की सगळं जमेल असं लोकांना वाटतं. काही मारवाडी घोडे रेवाल चाल चालतात, तिच्यात हिसका कमी बसतो. पण तुमच्या वाट्याला तसाच घोडा येईल हे धरून चालू नका.

जीन्स नको, तिची जाड शिवण मांडी कापते. ताणला जाणारा, आतून शिवण नसलेला पायजमा घ्या. बुटाला बोटभर टाच हवी, नाहीतर पाऊल रिकिबीतून आरपार जातं आणि पडलेला माणूस घोड्यामागे फरफटतो. स्पोर्ट शूज म्हणूनच नकोत. मोटारसायकलचं हेल्मेट जड पडतं, घोडेस्वारीचं वेगळं मिळतं. तोंडाला सुती पंचा बांधा, पण त्याची टोकं आत खोचा, फडफडत्या कापडाला घोडा बुजतो. निघण्याआधी धनुर्वाताचं इंजेक्शन झालं आहे ना बघा. घोड्याच्या लिदीत त्याचे जंतू असतात आणि खरचटल्याशिवाय कोणी परत येत नाही.

बसल्यावर पंधरा-वीस मिनिटांनी तंग पुन्हा तपासा. बरेच घोडे तंग आवळताना पोट फुगवून ठेवतात, चालायला लागले की तो सैल होतो. मऊ वाळूच्या टेकाडावर दौड मारायचा मोह आवरा, तिथे घोड्याच्या पायाचे स्नायुबंध दुखावतात. उंदरांनी पोखरलेल्या सपाट जमिनीवर तर दौड नकोच, पाय बिळात गेला की दोघंही आडवे. मुक्कामाआधीचा शेवटचा एक किलोमीटर खाली उतरून, तंग सैल करून चाला. तुमचेही गुडघे मोकळे होतात.

आपण सोलापूरकर, मेमधला 43 अंशांचा पारा सोसलेले. ऊन आपल्याला काय शिकवणार, असं आपल्याला वाटतं. डिसेंबर-जानेवारीत तिथे त्रास होतो तो थंडीचा. रात्री पारा 5 अंशांच्या आसपास उतरतो आणि वाळू बर्फासारखी गार पडते. भाड्याच्या रजयांवर विसंबू नका, घरची सोलापुरी चादर न्या, एक अंथरायला आणि एक पांघरायला. सोबत कडक भाकरी आणि शेंगाचटणी घ्या, दोन्ही आठवडाभर टिकतात. फक्त घोड्याला प्रेमाने भाकरीचे तुकडे चारू नका. ठरलेल्या चाऱ्यात अचानक बदल झाला की पोटशूळ उठतो, आणि घोडा पोटशुळाने जाऊ शकतो.

जैसलमेरकडच्या राष्ट्रीय मरू उद्यानाच्या परिसरातून वाट असेल तर आवाज आणि ड्रोन बंद ठेवा. आपल्या नान्नजच्या अभयारण्यात दुर्मीळ झालेला माळढोक पक्षी तिथे अजून टिकून आहे.

पुतणीने बुकिंग फेब्रुवारीवर ढकललं आहे आणि सध्या पहाटे पाचला उठून शिकायला जाते. मैत्रिणी अजून विचार करताहेत. आपल्याला एक विनंती. यापुढे असे लेख छापताना दिवसाला किती किलोमीटर, स्वाराच्या वजनाची मर्यादा किती आणि पशुवैद्य किती तासांत पोचू शकतो, एवढ्या तीन ओळी चौकटीत द्याव्यात.

आपला नियमित वाचक,
निवृत्त पशुधन पर्यवेक्षक, जुळे सोलापूर