टोपी काकिनाड्याला किती दिवसांत पोहोचेल?

मा. केंद्रीय पेट्रोलियम व नैसर्गिक वायू मंत्री यांस,
स. न. वि. वि.

रिगवर मड इंजिनिअर म्हणून माझी हयात गेली. बॅराइट या जड खनिजाच्या भुकटीची पोती फोडायची, मड म्हणजे विहिरीत भरायचा चिखलासारखा द्रव, तो जड करायचा आणि त्याच्या वजनाखाली विहिरीचा दाब धरून ठेवायचा. त्यामुळे जानेवारी 2024 मध्ये काकिनाड्यासमोरच्या खोल समुद्रातल्या 98/2 या तेलक्षेत्रातून पहिलं तेल आलं तेव्हा आनंद झाला आणि मकोंडोही आठवली.

20 एप्रिल 2010. मेक्सिकोच्या आखातात ती विहीर उफाळली, 11 माणसं गेली. तोंड दीड किलोमीटर पाण्याखाली. मुंबई हायला पाणी जेमतेम 75 मीटर, तिथे पाणबुडे उतरतात. मकोंडोवर सगळं रोबोटच्या हातांनी. आधी गळतीवर पोलादी घुमट उपडा घातला. तिथल्या थंडीत नि दाबात वायू आणि पाणी मिळून बर्फासारखं हायड्रेट झालं, घुमट वरून तुंबला. मग जड मड रेटलं, सोबत गोल्फचे चेंडू, टायरचे तुकडे. मड तेलाबरोबर बाहेर! मला नवल वाटलं नाही. तोंड उघडं असेल तर मड आत ठरणार कसं?

12 जुलैला तीन झडपांची कॅपिंग स्टॅक, म्हणजे टोपी, तोंडावर बसली. 15 तारखेला झडपा मिटल्या आणि 87 दिवसांनी तेल थांबलं. मिटलेल्या विहिरीत मग तेच मड सावकाश, निमूट उतरलं, मागून सिमेंट. रिलीफ विहीर, म्हणजे मूळ विहिरीला खालून गाठून बंद करणारी दुसरी विहीर, तिचं खोदकाम मे महिन्यातच सुरू झालं होतं, ती सप्टेंबरात समुद्रतळाखाली चार किलोमीटरवर मूळ विहिरीला भिडली. जेवणाच्या ताटाएवढं लक्ष्य, साहेब.

ही टोपी अपघाताआधी तयार नव्हती, दिवस गेले ते त्यात. आता तशा टोप्या सिंगापूर, नॉर्वे, ब्राझील, दक्षिण आफ्रिकेत ठेवलेल्या असतात. आपल्या खोल विहिरींसाठी त्यातली कुठली येणार? विहिरीच्या तोंडाशी तिचा जोड बसतो का, हे कुणी लावून पाहिलंय? उचलायला क्रेनचं जहाज कोणतं? रिलीफ विहिरीसाठी कुठली रिग हातातलं काम सोडून निघेल, आणि पावसाळ्यात बंगालच्या उपसागरात ती किती दिवसांत पोहोचेल?

प्रत्येक खोल विहिरीच्या परवानगीसोबत ही उत्तरं जाहीर करावीत, आणि एकदा तरी टोपी खरोखर जहाजावर चढवून काकिनाड्यापर्यंत आणून दाखवावी, एवढी विनंती.

कळावे,
एक निवृत्त मड इंजिनिअर, अलिबाग