तिरक्या छपाईचं कापड आणि तुमचा ‘कापलेला माल परत नाही’ हा नियम

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ऑनलाइन कापड विक्री विभाग

विषय : चौकटीच्या सुती कापडावरची छपाई तिरकी असल्याबद्दल, आणि पूर्ण रक्कम परत मिळण्याबाबत.

महोदय,

तुमच्या संकेतस्थळावरून मी निळ्या चौकटीचं छापील सुती कापड मागवलं. चार मीटर, पन्हा ४४ इंच. वर्णनात ‘प्री-श्रंक’ (म्हणजे आधीच आटवलेलं) आणि ‘पक्का रंग’ असं लिहिलेलं होतं. रंग पक्का निघाला, त्याबद्दल काही म्हणणं नाही. तक्रार छपाईची आहे. एका किनारीपासून दुसऱ्या किनारीपर्यंत जाताना चौकटीची आडवी रेघ अडीच इंच खाली उतरते. असं कापड परत घ्यायला तुमच्या ग्राहक सेवेने नकार दिला, म्हणून हे पत्र.

कापड माझ्या मैत्रिणीच्या ड्रेससाठी घेतलं होतं. तिचा एक खांदा दुसऱ्यापेक्षा उतरलेला आहे. रेडिमेड कपडा तिला नीट बसत नाही. बसतो तो एकच जुना चौकटीचा ड्रेस, इतवारीतल्या एका मास्तरांनी शिवलेला. ते मास्तर आता नाहीत आणि ड्रेस विरत आला आहे. तिला अगदी तसाच नवा हवा होता. पण जुना उसवू द्यायला ती तयार नव्हती, अजून घालते ना ती तो. म्हणून न उसवता त्याची नक्कल काढायची असं ठरलं.

हे काम कसं चालतं ते सविस्तर लिहिते, कारण “थोडं तिरकं असलं तरी शिंपी जुळवून घेतो” असं तुमच्या प्रतिनिधीने मला फोनवर सांगितलं.

जाड सतरंजीवर ब्राऊन पेपर पसरायचा आणि त्यावर ड्रेस ठेवायचा. आधी ड्रेसच्या प्रत्येक भागाचा उभा धागा, म्हणजे किनारीला समांतर जाणारा धागा, शोधून त्यावर रंगीत दोऱ्याचा धावदोरा घालायचा. कागदावर सरळ रेघ मारायची आणि धावदोरा बरोबर त्या रेघेवर बसवायचा. मग शिवणीच्या कडेकडेने टाचण्या टोचत जायचं. खाली कागदावर पडलेली छिद्रं जोडली की त्या भागाचा आकार मिळतो. एरवी अर्धा भाग काढून कागद दुमडला तरी चालतं. इथे खांद्यामुळे डावा आणि उजवा भाग वेगवेगळा काढावा लागला. त्यात जुन्या कपड्याचा गळा आणि मुंढा (बाही जोडतात तो गोल) ताणलेला असतो, कारण तिथे कापड उरेब, म्हणजे धाग्याला तिरकं, जातं. त्यामुळे छिद्रांवर डोळे झाकून विश्वास ठेवता येत नाही. पुढची बगलेची शिवण मागच्या शिवणीशी ताडून पाहायची, बाहीचा गोल मुंढ्याशी ताडायचा, मग सगळीकडे शिवणीचा दाब, म्हणजे शिवणीबाहेरचं जास्तीचं कापड, वाढवायचा. एवढं झाल्यावर मांजरपाटाचा कच्चा ड्रेस टाचून तो मैत्रिणीला घालून पाहिला. खांद्यावर कुठे चुणी नाही, गळा कुठे उचललेला नाही. त्यानंतरच तुमचं कापड मागवलं.

या सगळ्या कामाचा आधार उभा धागा आहे. आणि तुमच्या कापडात छपाई आणि धागा यांचा मेळच नाही.

माझे वडील एम्प्रेस मिलच्या विणाई खात्यात होते. कापड हातात आलं की आधी किनार आणि मग आडवा धागा पाहायचा, ही आमच्या घरची सवय. टोकाजवळचा एक आडवा धागा ओढून पाहिला, तर तो किनारीला अगदी काटकोनात निघाला. म्हणजे विणकाम सरळ आहे. ताणा-बाणाच, म्हणजे उभे-आडवे धागेच, तिरके झाले असते, तर कापड ओलं करून उरेब दिशेने ओढून सरळ करता आलं असतं. इथे छपाईच तिरकी झाली आहे, आणि त्यावर शिंप्याकडे काहीही उपाय नसतो.

धाग्याप्रमाणे कापलं तर पुढच्या भागाच्या रेघा डाव्या बगलेला उतरतात आणि मागच्या भागाच्या उजव्या बगलेला. दोन्ही शिवणींवर चौकटी तुटतात. चौकटीप्रमाणे कापलं तर धागा तिरका जातो, आणि असा ड्रेस धुतला की अंगावर पिळतो, बगलेची शिवण पुढे सरकते. जुन्या ड्रेसमध्ये मास्तरांनी आडव्या रेघा इतक्या सरळ ठेवल्या आहेत की मैत्रिणीचा उतरलेला खांदा कोणाच्या लक्षात येत नाही. तुमच्या कापडात शिवला तर सगळ्यात आधी तोच दिसेल. असा ड्रेस मी तिला देणार नाही.

‘प्री-श्रंक’बद्दलही लिहायला हवं. भिजवून, सावलीत वाळवून, इस्त्री केल्यावर चार मीटरचं ३ मीटर ८० सेंटिमीटर भरलं. पाच टक्के आटलेल्या कापडाला प्री-श्रंक म्हणू नये.

तुमची उत्तरं दोन. पहिलं, कापलेला माल परत घेत नाही. पण मी या कापडाला कात्री लावलेलीच नाही. ताग्यावरून ते तुम्हीच कापलंत, आणि मीटरवर विकलेला प्रत्येक तुकडा असाच कापलेला असतो. मग हा नियम लावला तर तुमचं कोणतंच सदोष कापड कधी परत जाणार नाही. दुसरं, धुतलेला माल परत घेत नाही. पण तुमच्याच पावतीच्या मागे ‘शिवण्याआधी धुऊन घ्यावे’ असं छापलं आहे. ग्राहकाने तुमची सूचना पाळायची आणि त्याच कारणाने हक्क गमवायचा, हे मला मान्य नाही.

ई-कॉमर्ससाठीच्या २०२० च्या ग्राहक संरक्षण नियमांनुसार माल सदोष असेल किंवा जाहिरातीत सांगितल्याप्रमाणे नसेल, तर तो परत घ्यायला विक्रेत्याला नकार देता येत नाही. त्याच नियमांत तक्रार मिळाल्याची पोच ४८ तासांत आणि तक्रारीचं निवारण एका महिन्यात करण्याचं बंधन आहे. तुमच्या संकेतस्थळावरचा नियम याहून मोठा असू शकत नाही.

माझी मागणी अशी आहे : कापडाची पूर्ण किंमत आणि कुरिअरचा खर्च परत करा, किंवा याच नक्षीचं सरळ छपाईचं कापड पाठवा. बदली कापड पाठवणार असाल तर आधी पूर्ण पन्हा उलगडून, आडव्या धाग्यावर फूटपट्टी ठेवून काढलेला फोटो मला पाठवा. परत नेण्याचा खर्च तुमचा. हा तागा ज्या छपाईतून आला ती सगळी तपासा आणि तोवर विक्री थांबवा. घरी शिवणाऱ्या कितीतरी बायका हे कापड थेट कापतील आणि ड्रेस पिळला की दोष स्वतःच्या हाताला देतील.

महिन्याभरात निवारण झालं नाही तर मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवेन आणि नागपूर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ग्राहकाला स्वतःच्या राहत्या जिल्ह्यात दाद मागता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला शुल्क लागत नाही.

पावतीची प्रत, पावतीच्या मागच्या सूचनेचा फोटो, ओढलेल्या धाग्याशेजारी फूटपट्टी ठेवून काढलेले फोटो आणि तुमच्या ग्राहक सेवेचे ईमेल सोबत जोडले आहेत. कापड घडी घालून ठेवलं आहे. कुरिअरचा माणूस पाठवण्याआधी फोन करा.

आपली,
एक ग्राहक, नागपूर