जिलबीचे छायाचित्र कशासाठी?

महोदय,

कालच्या आरोग्य पानावरील लिम्फोमा या पांढऱ्या रक्तपेशींच्या कर्करोगाविषयीची बातमी आणि तिच्या डोक्यावर छापलेले जिलबीच्या ताटाचे रंगीत छायाचित्र पाहिले. बातमीतील 2-हायड्रॉक्सिग्लुटारेट या पेशीतल्या रसायनाचा जिलबीशी काय संबंध, हे आपल्या उपसंपादकांनी कृपया सांगावे.

हा पदार्थ ताटातून येत नाही. आयडीएच2 या जनुकात बिघाड झालेल्या पेशी तो स्वतःच भरमसाट तयार करतात. तो साचला की डीएनएवरील रासायनिक खुणा काढणाऱ्या टेट2सारख्या विकरांचे (एन्झाइमांचे) काम अडते आणि पेशींची घडण बिघडते. अँजिओइम्युनोब्लास्टिक टी-सेल लिम्फोमा या टी-पेशींच्या कर्करोगाच्या बऱ्याच रुग्णांत हा बिघाड सापडतो, हे 2012 सालीच 'ब्लड' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले आहे. नॉन-हॉजकिन या लिम्फोमाच्या मोठ्या गटातील शंभर रुग्णांत एखाद-दोघांना होणारा हा प्रकार. त्याचे नाव आपल्या बातमीत शेवटच्या परिच्छेदात येते आणि 'साखर, दूध, भात टाळा' ही चौकट मात्र ठळक अक्षरांत झळकते. ती कोणत्या शोधनिबंधातून घेतली?

माझ्या थोरल्या भावाला टी-पेशींचा नव्हे, तर बी-पेशींचा लिम्फोमा आहे, म्हणजे आपल्या बातमीतला प्रकार नव्हेच. त्याची केमोथेरपी चालू आहे, तोंड आले आहे, आणि सायीच्या दुधात कालवलेला, वर चिमूटभर साखर घातलेला मऊ भात एवढेच काय ते त्याच्या घशाखाली उतरते. काल दुपारी वहिनींनी ती चौकट कात्रीने कापून फ्रिजच्या दारावर लावली आणि त्याच्यापुढे मुगाचे पाणी ठेवले. त्याने दोन घोट घेऊन वाटी सरकवली. मी समजावू लागलो, तर "पेपरवाले काय उगाच लिहितील?" या त्यांच्या प्रश्नावर मला उत्तर सुचेना. शेवटी रुग्णालयातील आहारतज्ज्ञ बाईंना फोन लावला, त्यांनी वहिनींना चांगले सुनावले आणि रात्री भात शिजला. "कोणत्या पेपरात आले हे?" असे आहारतज्ज्ञ बाईंनी विचारले तेव्हा आपले नाव सांगताना मला संकोच वाटला, आमच्या घरी आपला अंक वडिलांच्या वेळेपासून येतो. संशोधन छापू नका, असे माझे म्हणणे नाही. पेशीच्या पोटात काय घडते हे वाचकाला सोप्या शब्दांत सांगणे अवघड असेल, पण ते जमले नाही म्हणून मिठाईचे छायाचित्र लावून मोकळे होणे ही कुठली पत्रकारिता?

जाता जाता, त्याच पानाच्या तळाशी 'कर्करोग मुळापासून बरा' करणाऱ्या काढ्याची जाहिरात आहे. औषधे आणि जादुई उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा 1954 पासून अस्तित्वात आहे आणि ज्या आजारांवरील उपचारांची जाहिरात करण्यास मनाई आहे त्यांच्या अनुसूचीत कर्करोग आहे, हे आपल्या जाहिरात विभागाला कोणी कळवले नसावे.

चौकटीचा खुलासा अवश्य छापावा, आणि तो निविदा सूचनांच्या गर्दीत न टाकता आरोग्य पानावर, जिलबी होती त्याच जागी व तेवढ्याच आकारात द्यावा.

आपला,
एक जुना वाचक, पुणे