ऊर्जामंत्री साहेब, रात्री अडीचला कसला पीक अवर असतो?

मा. ऊर्जामंत्री महोदय,

सप्रेम नमस्कार. नदीकाठच्या आमच्या औद्योगिक पट्ट्यातल्या त्या छोट्या गॅसवरच्या वीज केंद्राबद्दल लिहितोय. जनसुनावणीत छातीठोकपणे सांगितलं होतं की हे फक्त पीक अवरला, म्हणजे विजेची मागणी सगळ्यात जास्त असते तेव्हा चालणार, रात्री बंद. काल रात्री अडीचला टर्बाइन सुरू झालं, खिडक्यांच्या काचा थडथडायला लागल्या, दम्याची पेशंट असलेली आई दचकून उठली ती उजाडेपर्यंत पलंगावर बसूनच, आणि मी सकाळच्या शिफ्टला तसाच गेलो, तारवटलेल्या डोळ्यांनी. रात्री थंड पाण्यावरून आवाज किती लांब जातो हे तुमच्या सल्लागारांना माहीत नसेल असं वाटत नाही. केंद्रात फोन केला तर म्हणे वरून लोड डिस्पॅचचा, म्हणजे कुठलं केंद्र कधी चालवायचं ते ठरवणाऱ्या कार्यालयाचा, आदेश आहे, आमच्या हातात काही नाही. मग कुणाच्या हातात आहे हो?

कोळशापेक्षा गॅस बरा, मान्य. राख नाही, कार्बन डायऑक्साइड साधारण निम्मा. पण नायट्रोजन ऑक्साइडचं काय, आणि दम्याला तोच तर बाधतो. मशीन सुरू होताना, कमी लोडवर असताना तो जास्त निघतो कारण हा वायू कमी व्हावा म्हणून बसवलेले ते लो-नॉक्स बर्नर तेवढ्या लोडला नीट चालतच नाहीत, आणि नेमकी सुरू होतानाची ती मिनिटं बऱ्याच ठिकाणी नियमातून वगळलेली असतात. काय सोय आहे बघा! वर हे ओपन सायकल, म्हणजे गॅसमधली साठेक टक्के ऊर्जा चिमणीतून आकाशात. कंबाइंड सायकल केलं, म्हणजे त्याच वाया जाणाऱ्या उष्णतेवर वाफेचं टर्बाइनही चालवलं, तर तेवढ्याच गॅसमध्ये जवळजवळ दीडपट वीज, पण खर्च कोण करणार.

मोजणार कोण तर कंपनीच, रिपोर्ट देणार कंपनीच, आणि तपासणीला येणार ते आधी कळवून, पाहुणे यायच्या आधी घर आवरायला वेळ द्यावा तसं. तक्रार केली की हे खातं म्हणतं त्या खात्याकडे जा, ते म्हणतं ऑनलाइन टाका, ऑनलाइन टाकली की ‘निकाली काढण्यात आली’ असा मेसेज. कुणी काढली, कधी काढली, काढली म्हणजे नेमकं केलं काय? वीज सगळ्यांना पाहिजे, कारखान्यांना तर पाहिजेच, जागरण मात्र भिंतीला लागून राहणाऱ्यांनी करायचं, आणि बोललो की आम्ही विकासविरोधी.

रात्रीचं स्टार्टिंग बंद करा, मिनिटामिनिटाचे आकडे गेटवर लावा. आणि दुसऱ्या युनिटची फाइल तुमच्या टेबलावर आलीय असं ऐकतोय, तर सही करायच्या आधी पहिल्या युनिटचा कबूल केलेला सायलेन्सर कुठंय एवढं तरी विचारा.

आपला,
केंद्राच्या भिंतीपलीकडचा एक ग्राहक