विज्ञानाच्या बातमीखाली मूळ शोधनिबंधाचा दुवा छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

माझी निम्मी नोकरी जुन्नर तालुक्यात विज्ञान शिकवण्यात गेली. दर २८ फेब्रुवारीला मुलांना घेऊन आम्ही खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या प्रदर्शनाला जायचो. ४५ मीटर व्यासाच्या त्या तबकडीसमोर वर्गातली सर्वांत दंगेखोर मुलंही गप्प व्हायची. म्हणूनच जून २०२३ मधलं एक कात्रण मी जपून ठेवलं आहे. युरोपातल्या पाच मोठ्या दुर्बिणी आणि खोडदची आपली, यांनी मिळून पल्सारांच्या, म्हणजे ठरावीक लयीत रेडिओ लहरी पाठवणाऱ्या मृत ताऱ्यांच्या, ठोक्यांवरून गुरुत्वीय लहरींचा, म्हणजे अवकाशातच उठणाऱ्या तरंगांचा, माग काढल्याची ती बातमी. या लहरी इतक्या संथ, की एक लाट सरायला वर्षं लागतात. मथळ्यात 'शोध लागला' असं ठळक छापलेलं.

परवा नववीतल्या नातीनं ते वाचून विचारलं, "आजी, नक्की लागला का गं?"

आम्ही दोघी मोबाइल घेऊन बसलो. आधी एका संशोधकाची चार ओळींची पोस्ट सापडली. तिच्यात व्हिडिओ, व्हिडिओखाली निवेदन, निवेदनात शोधनिबंधाचा डीओआय क्रमांक, म्हणजे निबंधाचा इंटरनेटवरचा कायमचा पत्ता. तोच निबंध अर्काइव्हवरही होता. हे संकेतस्थळ १९९१ पासून चालू आहे, तिथे कुणालाही निबंध फुकट वाचता येतो आणि दुरुस्ती झाली तरी आधीची आवृत्ती पुसली जात नाही. निबंधाच्या सारांशात लिहिलं होतं की हा निव्वळ योगायोग असण्याची शक्यता हजारात एक. भौतिकशास्त्रात 'शोध' म्हणायला ती साधारण ३५ लाखांत एक इतकी कमी लागते. म्हणून संशोधक 'पुरावा' म्हणत होते, शोध नाही. पोस्टमध्ये उत्साह होता, व्हिडिओत पाण्यावरचे तरंग होते, आकडे निबंधात होते. पण प्रत्येकानं पुढच्याचा हात धरलेला होता. माझ्या कात्रणात मात्र पुढे जायला वाटच नव्हती.

नातीला सारांशातले शब्द मी मराठीत करून सांगितले तेव्हा कुठे तिला ते उमगलं. आयुका, आयसर, एनसीआरए या संशोधन संस्था आपल्या पुण्यातच आहेत. तिथल्या संशोधकांनी प्रत्येक निबंधासोबत दहा ओळींचा मराठी सारांश दिला, तर नारायणगावच्या मुलांनाही आजीची गरज पडणार नाही.

आपल्याकडे विनंती एवढीच, की विज्ञानाच्या प्रत्येक बातमीखाली मूळ निबंधाचा क्यूआर कोड छापावा. टपाल तिकिटाएवढी जागा पुरेल.

आपली,
एक निवृत्त विज्ञानशिक्षिका,
कोथरूड, पुणे