पेव, नकाशा आणि तुझी प्रकाशनसंस्था

पुणे,
दि. ३ ऑगस्ट

प्रिय सदानंद,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र येऊन पंधरा दिवस झाले. उत्तराला उशीर झाला तो आळसामुळे नव्हे. निवृत्तीच्या पैशांतला काही भाग घालून सांगलीतून पुस्तके काढण्याचा, आणि त्यातही सुरुवात रहस्यकथांपासून करण्याचा तुझा बेत वाचून मी आधी घाबरलो, आणि मग हळूहळू मला त्याची ओढ वाटू लागली. बत्तीस वर्षे दुसऱ्यांची प्रुफे तपासताना मी वाईट पुस्तकांनी जितके प्रकाशक बुडालेले पाहिले, तितकेच चांगल्या पुस्तकांनीही बुडालेले पाहिले आहेत. त्यामुळे तुला उत्तेजन देण्याआधी नीट विचार करणे मला भाग होते.

तू लिहितोस, "अर्नाळकरांच्या तोडीचे पुन्हा काहीतरी यायला हवे." या वाक्याशी मी अडखळलो. गावभागातले ते भाड्याने पुस्तके देणारे दुकान तुला आठवत असेलच. दहा पैसे रोज भाडे, खाकी कागदाचे वेष्टन, आणि आत अर्नाळकरांचे नायक झुंजार, काळा पहाड, धनंजय आणि छोटू. कोणीतरी द्वाड वाचक पहिल्याच पानाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने खुन्याचे नाव लिहून ठेवत असे आणि आपण दोघे मालकाच्या भाच्यावर संशय घेऊन त्याच्यावर पाळत ठेवत असू. बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या, गुरुनाथ नाईकांनीही हजाराचा आकडा ओलांडला. या दोघांनी मराठी माणसाला वाचायची जी सवय लावली, तिचे ऋण समीक्षकांनी कधी नीट मान्य केले नाही. परंतु सदा, मागच्या वर्षी मी त्यांतली पाच-सहा पुस्तके पुन्हा वाचली. वेग अजून तसाच आहे. मात्र पुस्तक मिटल्यावर कोणती गल्ली, कोणता वास, कोणत्या जिन्याची मोडकी पायरी डोळ्यांपुढे उरली, असे स्वतःला विचारले तेव्हा फारसे काही सापडले नाही. बंगला होता, मोटार होती, पिस्तूल होते. ते सारे मुंबईत होते, तसेच कुठेही असू शकले असते.

म्हणून तुला एका परक्या प्रकाशकाची हकिकत सांगतो. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात अकाशिक बुक्स नावाची एक छोटी संस्था आहे. तिचा चालक जॉनी टेम्पल हा एका रॉक बँडमध्ये बेस गिटार वाजवणारा माणूस; १९९७ मध्ये त्याने पहिले पुस्तक काढले. २००४ मध्ये त्याने 'ब्रुकलिन नॉयर' नावाचा गुन्हेकथांचा संग्रह प्रसिद्ध केला. कल्पना अगदी साधी होती: संपादक त्याच शहराचा, प्रत्येक कथा नवी, यापूर्वी कुठेही न छापलेली, आणि प्रत्येक कथा त्या शहराच्या एका ठरावीक वस्तीत घडणारी. हा साचा इतका पक्का निघाला की, आज त्या मालेत शंभराहून अधिक पुस्तके आहेत आणि त्यांत दिल्लीपासून हवानापर्यंतची शहरे आली आहेत.

पुतणीने मला यांतले मुंबईचे पुस्तक आणून दिले. उघडल्याबरोबर प्रथम दिसतो तो नकाशा. शाळेतल्या भूगोलाच्या पुस्तकात असतो तसा साधा, काळा-पांढरा. परंतु जिथे जिथे कथा घडते तिथे पोलिसांनी जमिनीवर खडूने काढावी तशी एका पडलेल्या माणसाची आकृती काढलेली आहे. मी बराच वेळ त्या एका पानाकडेच पाहत राहिलो. अनुक्रमणिकेतही लेखकाच्या नावासोबत वस्तीचे नाव येते. जो प्रकाशक वस्तीला लेखकाच्या शेजारी बसवतो, त्याने आपल्या लेखकांना काय बजावले असेल हे वेगळे सांगायला नको: खून कोठेही होतो, पण तुझा खून इथेच का झाला ते सांग.

'नॉयर' या शब्दाबद्दल तू विचारले आहेस. मूळ फ्रेंच शब्द, अर्थ काळा. पॅरिसच्या गालिमार प्रकाशनाने १९४५ मध्ये मार्सेल द्युआमेलच्या संपादनाखाली गुन्हेकथांची एक 'काळी माला' सुरू केली, त्यांत इंग्रजीतून भाषांतरित केलेल्या कथा भरपूर असत, आणि तेव्हापासून हा शब्द या प्रकाराला चिकटला. आपण त्याला मराठी प्रतिशब्द शोधावा की नाही, याबद्दल माझे मत अजून पक्के झालेले नाही. 'नॉयर माला' असे नाव ठेवलेस तर आपल्याकडचे निम्मे लोक खाटेच्या नवारीबद्दल चौकशी करत येतील, एवढे मात्र नक्की. नाव काहीही असो, रहस्यकथेशी असलेला त्याचा फरक ध्यानात ठेव. रहस्यकथेत घडी विस्कटते आणि शेवटी हुशार माणूस येऊन ती पुन्हा बसवतो. वाचक निर्धास्त झोपतो. या काळ्या कथेत घडी मुळात बसलेलीच नसते. शोध घेणारा माणूसही त्याच चिखलात उभा असतो, बहुधा त्यालाही काहीतरी लपवायचे असते, आणि शेवटी खुनी कळला तरी कोणाचेही भले होत नाही.

मुंबईच्या त्या पुस्तकाकडे वळतो. अल्ताफ टायरवाला यांनी ते संपादित केले आणि ते २०१२ मध्ये निघाले. जेरी पिंटो, ॲनी झैदी, सोनिया फलेरो अशी नावे त्यात आहेत. नागपाडा आहे, कुलाब्याचे लिओपोल्ड कॅफे आहे. पुस्तक चांगले आहे, आणि पिंटो यांच्याबद्दल तर मला विशेष आस्था आहे, कारण पुढे २०१७ मध्ये त्यांनी माहीमवर एक अख्खी कादंबरी लिहिली, जिच्यात माटुंग्याच्या रेल्वे स्थानकातल्या शौचालयात प्रेत सापडते आणि समलैंगिकांना गुन्हेगार ठरवणारा कायदा कितीजणांना ओलीस धरून होता हे हळूहळू उलगडत जाते. तरीही मनात एक सल राहिला. याच मालेतल्या दिल्लीच्या पुस्तकात उदय प्रकाश यांची हिंदी कथा भाषांतर करून घेतलेली होती. मुंबईच्या पुस्तकात मराठीतून आलेली एकही कथा मला आढळली नाही. चिडून काय उपयोग? संपादकाला द्यायला आपल्याकडे काय होते, असा प्रश्न मी स्वतःलाच विचारला.

आणि इथे मला उत्तर सापडले ते चमत्कारिक होते. होते, भरपूर होते. फक्त ते आपण दुसऱ्याच फळीवर ठेवले होते. भाऊ पाध्यांचा 'वासूनाका' १९६५ चा. नाक्यावर उभी असलेली ती पोरे, त्यांची ती भाषा, आणि त्यांच्या हातून जे घडते त्याची त्यांना स्वतःलाही नसलेली चाड: याला नॉयर म्हणायचे नाही तर कशाला? त्या वेळी अत्र्यांसारख्या माणसाने त्याच्यावर अश्लीलतेचा आसूड ओढला. जयंत पवारांच्या 'फिनिक्सच्या राखेतून उठला मोर'मधले गिरणगाव घे. गिरणी बंद पडली आणि तिच्या जागी मॉल उभा राहिला, या एवढ्याशा वाक्याच्या आत किती प्रेते आहेत, ते त्या माणसाने मोजून दाखवले. पवारांच्या पुस्तकाला पुरस्कार मिळाला, परंतु यांतल्या कोणत्याच पुस्तकाला कोणी गुन्हेकथा म्हटले नाही, कारण मराठीत गुन्हेकथा म्हणणे म्हणजे लेखकाला खालच्या पंगतीत बसवणे. आपल्याकडे एका फळीवर कथानक आहे पण वस्ती नाही, दुसरीवर वस्ती आहे पण वाचकाला पान उलटायला लावणारे कथानक बहुधा नाही. तुझ्यासारख्या लहान प्रकाशकाला करण्याजोगे काम मला याच फटीत दिसते. अर्नाळकर पुन्हा आणू नकोस.

मुंबईपासून सुरुवातही करू नकोस. मुंबईवर लिहिणारे पुष्कळ आहेत. तू जिथे राहतोस तिथे बघ. सांगलीजवळच्या हरिपूरची, हळद साठवायची ती जमिनीखालची पेवे आठवतात? तोंड एवढेसे, की माणूस अंग चोरून उतरेल, आणि पोट मात्र आत रांजणासारखे फुगत गेलेले. माझे वडील अडत्याच्या पेढीवर होते, त्यांच्याबरोबर मी एकदा पेव उघडताना पाहिले आहे. तोंडावरची माती फोडून दगड सरकवला, की लगेच कोणी आत उतरत नसे. कोंडलेल्या हवेत माणूस मरतो, म्हणून ते काही तास उघडे ठेवत, मग दोरीला बांधून कंदील सोडत. कंदील विझला, की परत वर. तो विझलेला कंदील दोरीवरून वर येताना मी पाहिला आणि कितीतरी रात्री मला नीट झोप आली नाही. २००५ च्या महापुरात त्या पेवांत पाणी शिरले, हळद गेली, कित्येकांचे कर्जही त्याबरोबर बुडाले. आता सांग: पूर ओसरल्यावर कोणी एक पेव उघडतो आणि त्यात हळदीखेरीज आणखी काही निघते, तर त्या कथेला सांगलीखेरीज दुसरे कोणते शहर चालेल? किंवा मिरज घे. दवाखान्यांच्या दारांत रात्री झोपलेले परगावचे नातेवाईक, सतारीचे भोपळे वाळत घातलेली गल्ली, आणि २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला पाणी घेऊन गेलेली ती रेल्वे. एका कोरड्या शहरासाठी दुसरे शहर पाणी भरून देते, त्या रात्री यार्डात कोण कोण जागे होते, एवढ्या एका प्रश्नावर मी कादंबरी वाचायला तयार आहे.

आता थोडे रुक्ष बोलतो. अशा पुस्तकात संपादन ढिले चालत नाही. काही वर्षांपूर्वी एका प्रकाशकाकडची रहस्यकादंबरी मी तपासत होतो. खून होतो ती रात्र अमावास्येची, असे लेखकाने दोनदा ठासून सांगितले होते, कारण अंधारामुळेच साक्षीदाराला चेहरा दिसत नाही. तीन पानांनंतर त्याच रात्री नायिका चांदण्यात गच्चीवर उभी! मी समासात खूण करून पाठवले; प्रकाशकाने फोनवर सांगितले की, छपाईचा दहावा फर्मा यंत्रावर चढला आहे आणि एवढे कोण बघतो. पुस्तक तसेच निघाले. प्रेमकथेत चांदणे चुकले तर वाचक हसून सोडून देतो. गुन्हेकथेत चुकले की, त्याला वाटते आपल्याशी लबाडी झाली, आणि त्याचे ते वाटणे योग्यच असते. एक माणूस निव्वळ तारखा, वेळा, अंतरे तपासायला ठेव. पैसे नसतील तर मी आहे.

पैशांचे म्हणशील तर पाचशे प्रतींहून मोठी आवृत्ती काढू नकोस. विक्रेता पस्तीस-चाळीस टक्के सवलत मागेल, ती देऊन, टपालखर्च सोसून काय उरते याचे गणित तुझे तूच कर; तू बँकेत होतास. 'गंभीर साहित्यही काढावे का?' या तुझ्या प्रश्नाला उत्तर म्हणून पुन्हा त्याच ब्रुकलिनकराकडे बोट दाखवतो. मार्लन जेम्स या जमैकन लेखकाची पहिली कादंबरी अठ्ठ्याहत्तर वेळा नाकारली गेली होती. ती २००५ मध्ये अकाशिकने काढली, आणि दहा वर्षांनी त्याच लेखकाला त्याच्या पुढच्या एका कादंबरीसाठी, जी दुसऱ्या प्रकाशकाने काढली होती, बुकर पारितोषिक मिळाले. लहान प्रकाशकाच्या नशिबी हे असेच असते. याच संस्थेला पैशांचा खरा हात दिला तो मात्र २०११ च्या एका चिमुकल्या पुस्तकाने: काही केल्या न झोपणाऱ्या मुलापुढे हताश झालेल्या बापाचे शिवराळ अंगाईगीत! प्रसिद्धीपूर्वीच त्याची प्रत संगणकांवरून फुकट फिरू लागली आणि लोकांनी चिडण्याऐवजी आगाऊ नोंदणी केली. अशा गोष्टी ठरवून होत नाहीत, म्हणून तू त्या गृहीत धरू नकोस.

चेन्नईचे ब्लाफ्ट प्रकाशनही एकदा बघून घे. त्यांनी २००८ मध्ये खिशात मावणाऱ्या तमिळ कादंबऱ्यांचे इंग्रजी संकलन काढले. ज्या लेखकांना कोणी लेखक मानायला तयार नव्हते, त्यांना त्यांनी छायाचित्र, परिचय, जुन्या भडक मुखपृष्ठांची चित्रे, असे सन्मानाने मांडले. दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर यांच्या चित्रांसाठी दिवाळी अंक विकत घेणारी आपली पिढी. मुखपृष्ठ संगणकावरच्या फुकट छायाचित्राने भागवू नकोस, चित्रकाराकडून काढून घे.

तर एवढे कर. आठ वस्त्यांची यादी कर, प्रत्येकीत निदान दहा वर्षे राहिलेला एक माणूस शोध, त्याला आधी कधी कथा लिहिली होती का हे विचारू नकोस, आणि सहा महिने दे. हातात आलेल्या पहिल्या दोन कथा मला टपालाने पाठव, पडद्यावर मला आता चुका दिसत नाहीत. नकाशा माझ्या पुतणीकडून काढून घेऊ. मात्र त्यात हरिपूर नीट दाखवायला हवे, नदीच्या वळणासह.

वहिनींना नमस्कार, चि. मुक्ताला आशीर्वाद. पाऊस वाढला आहे असे बातम्यांत ऐकतो. आयर्विन पुलापाशी पाणी किती चढले, ते कळव.

तुझा,
अनंत

ता. क. ते पेन्सिलीने खुन्याचे नाव लिहिण्याचे काम माझे होते. मालकाच्या भाच्यावर आपण पाळत ठेवली ते तीन महिनेही मी लिहितच होतो. पंचेचाळीस वर्षे झाली. त्याचा पत्ता तुझ्याकडे असेल तर पाठव.