लेकीस पत्र : शरीराच्या पुनरुत्थानाविषयी

प्रिय लेकीस,

प्रभू येशूच्या नावात सलाम आणि अनेक आशीर्वाद.

मंडळीतील माणसे आईला भेटायला येतात आणि ‘स्वर्गात सगळे दुःख संपेल’ असे सांगून निघून जातात, ते ऐकले की संताप येतो, असे तू फोनवर म्हणालीस. त्याचे उत्तर घाईने देण्यासारखे नव्हते, म्हणून लिहीत आहे. तुझा संताप मला अविश्वासाचा वाटत नाही. दुःखी माणसाने गप्प बसावे म्हणून सार्वकालिक जीवनाचे नाव घेणे हे पवित्र शास्त्राला धरून नाही, आणि ज्यांनी ते लिहिले त्यांच्या आयुष्याला तर मुळीच धरून नाही.

रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या आठव्या अध्यायात प्रेषित पौल म्हणतो की, पुढे प्रकट होणाऱ्या गौरवापुढे या काळातील दुःखे काहीच नाहीत. हे वचन इतक्या सहजपणे म्हटले जाते की ते लिहिणारा कोण होता याचा विसर पडतो. 5 वेळा 39 फटके, 3 वेळा छड्यांचा मार, एकदा दगडमार आणि 3 वेळा फुटलेले जहाज, असा हिशेब त्याने स्वतःच करिंथकरांच्या दुसऱ्या पत्रात दिला आहे. दुःख काहीच नाही असे तो दुरून म्हणत नव्हता. ते अंगावर घेऊन, पुरते मोजून, मग तो गौरवाकडे बोट दाखवत होता. शिवाय त्याच अध्यायात सृष्टी कण्हते, आपण कण्हतो आणि आपल्यासाठी मध्यस्थी करणारा पवित्र आत्मादेखील शब्दांवाचून कण्हतो. ज्यांना पुढचे काही दिसले आहे त्यांनाच आजची उणीव इतकी बोचते, असे मला त्यावरून वाटते. मेलेल्या लाजराला उठवायचे हे ठाऊक असतानाही प्रभू त्याच्या कबरेपाशी रडला, मग आपण का रडू नये?

आपण कशाची वाट पाहतो, हेही पौलाने तिथेच सांगितले आहे: आपल्या शरीराच्या मुक्ततेची. माझे सारे म्हणणे याच शब्दांवर उभे आहे. आईच्या डाव्या हातावरचा फिस्टुला, म्हणजे डायलिसिससाठी धमनी आणि शीर जोडून केलेली जागा, तू पाहिला आहेस. तिथे बोटे ठेवली की रक्ताची थरथर जाणवते, आणि रोज सकाळी उठल्यावर ती आधी तिथे हात लावून पाहते, मग प्रार्थना करते. आठवड्यातून दोनदा त्याच हातात दोन जाड सुया जातात आणि ती चार तास खाटेवर पडून राहते. दिवसाचे पाणी ती एका बाटलीत मोजून भरते आणि घोटघोट पुरवते; फारच तहान लागली तर चूळ भरून टाकते. हे शरीर म्हणजे टाकून द्यायची अडगळ, आणि आत्मा एकदा सुटला की झाले, असे आपण मानत नाही. उठलेल्या प्रभूच्या हातांवर खिळ्यांचे वण होते आणि त्याने शिष्यांसमोर भाजलेला मासा खाल्ला. म्हणून तिचे पाय चेपणे, मिठाविना भाजीला चव आणण्याची तुझी खटपट, औषधांच्या वेळा पाळणे, यांतले काहीही वाया जात नाही. ज्या देहाची आपण सेवा करतो त्या देहालाच देवाने भविष्य दिले आहे.

पंडिता रमाबाईंचे शेवटचे वर्ष मला या दिवसांत वारंवार आठवते. आईवडील आणि बहीण त्यांनी 1870च्या दशकातील दुष्काळात गमावली. 1880 साली भाऊ गेला आणि 1882 साली पती कॉलऱ्याने गेले. उरली एक मुलगी, मनोरमा. केडगावच्या मुक्ती मिशनचा भार पुढे तीच वाहील, अशी आशा होती. ती 1921 साली, ऐन चाळिशीत, आईच्या आधी गेली. त्या वेळी रमाबाई स्वतः थकलेल्या होत्या, त्यांना ऐकू येईनासे झाले होते, आणि तरीही हिब्रू व ग्रीकवरून चाललेले बायबलचे मराठी भाषांतर त्यांनी सोडले नाही. एप्रिल 1922 मध्ये त्या प्रभूमध्ये निजल्या आणि ते संपूर्ण बायबल 1924 साली प्रसिद्ध झाले. सामान्य मराठी बाईला वाचता यावे म्हणून त्यांनी ते सोप्या भाषेत केले होते. ज्या बाईचे सर्व गोत मातीखाली गेले होते, तिने आपले शेवटचे दिवस इतरांच्या हाती पुनरुत्थानाची वार्ता देण्यात घालवले. तिला दुःख कमी झाले होते म्हणून नव्हे, असे माझे ठाम मत आहे.

आता एक विनंती. तू सुट्टीवर येशील तेव्हा आई तुझ्याशी तिच्या मरणाविषयी बोलणार आहे. तिची मनाची तयारी आहे, आणि ती निराश नाही. ‘असे अभद्र बोलू नकोस’ म्हणून तिला थांबवू नकोस. अंत्यविधीच्या वेळी करिंथकरांच्या पहिल्या पत्राचा पंधरावा, पुनरुत्थानाविषयीचा अध्याय तू वाचावास, अशी तिची इच्छा आहे. रडत वाचलेस तरी चालेल, असे तिने मला सांगून ठेवले आहे. तू हो म्हण.

तुझे,
पप्पा